अमेरिकेत कंपनीच्या खर्चाने ट्रक शिकताना: पगार कधी सुरू होतो आणि घर कधी दिसतं

माझा पहिला पगार खात्यात जमा झाला तो घर सोडल्यापासून एकेचाळिसाव्या दिवशी. तोही दोनच दिवसांचा होता: १७० डॉलर, कर कापण्याआधी. तोवर न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घराचं दोन महिन्यांचं भाडं बायकोच्या पगारातून आणि साठवलेल्या पैशांतून गेलं होतं. कंपनीने मला फसवलं नव्हतं, सगळं करारात लिहिलेलं होतं. सही करण्याआधी मी फक्त "मैलाला किती देता?" एवढंच विचारलं होतं. शिकाऊ माणसाला सुरुवातीचे दोन-तीन महिने मैलाचा दर लागूच होत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, कॅलिफोर्नियात बरीच मराठी मुलं आता या धंद्यात येण्याचं मनावर घेत आहेत आणि मला फोन करून तोच प्रश्न विचारतात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी करार म्हणजे काय ते. ऊसतोडीला जाणारी जोडपी हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतात आणि हंगामभर कोयता चालवून फेडतात, हे आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. कंपनीचं प्रशिक्षण ही तशीच उचल आहे. कंपनी शाळेची फी भरते आणि बदल्यात तुम्ही तिच्याकडे ठरावीक काळ काम करायचं. माझ्या करारात फीची रक्कम ६,००० डॉलर होती आणि मुदत परवाना मिळाल्यापासून एक वर्ष. काही कंपन्या दर आठवड्याला पगारातून थोडे थोडे पैसे कापतात, काही मुदत पूर्ण झाली की सगळं माफ करतात. फरक कळतो तो मधेच सोडायची वेळ आली तर. माझ्या वर्गातल्या एका मुलाने सातव्या महिन्यात नोकरी सोडली. त्याला वाटलं होतं, निम्म्याहून जास्त फिटलं असेल. त्याच्या करारात महिन्यामागे सूट नव्हती, त्यामुळे पूर्ण रक्कम अंगावर आली. सोडलेल्या महिन्यापर्यंतची फेड धरतात की नाही, हे एक वाक्य करारात शोधा. सापडलं नाही तर लेखी विचारा. बसचं तिकीट कंपनी पाठवते, पण जाण्याचं. परत येण्याचं बहुतेक वेळा तुमचं असतं, म्हणून करार घरी बसून वाचायला मागा, तिथे पोचल्यावर नव्हे.

शाळा चार आठवडे चालली. ७ फेब्रुवारी २०२२ पासून केंद्र सरकारच्या यादीत नोंदलेल्या शाळेतून प्रशिक्षण घेतल्याशिवाय क्लास ए, म्हणजे ट्रेलर जोडलेल्या मोठ्या ट्रकच्या, परवान्याची गाडी चालवण्याची परीक्षाच देता येत नाही, आणि शिकाऊ परमिट हातात आल्यावर किमान १४ दिवस थांबावं लागतं. मी परमिटची लेखी परीक्षा न्यू जर्सीत आधीच देऊन गेलो, त्यामुळे ते दिवस शाळेतच भरले. तसंच करा. एक आठवडा वाचतो, आणि बिनपगारी दिवसांत आठवडा फार मोठा असतो. शाळेच्या काळात पगार शून्य. दोघांत एक खोली आणि दुपारचं जेवण कंपनीचं, रात्रीचं आपलं. मी इलेक्ट्रिक कुकर नेला होता. मुगाची खिचडी आणि मेतकूट यांवर महिना निघाला, आणि खोलीतला मिसिसिपीचा जोडीदारही शेवटी खिचडी मागून घ्यायला लागला.

शिकवण्याबद्दल इथे थोडक्यातच सांगतो. परीक्षेचे तीन भाग असतात: गाडीची तपासणी तोंडाने सांगत दाखवणं, मागे घेणं, आणि रस्त्यावर चालवणं. एअर ब्रेकची तपासणी पाठच करा, कारण त्यात चुकलात तर पुढचं काही बघतच नाहीत. परीक्षा शाळेच्याच राज्यात झाली, पण परवाना आपल्या राज्यात येऊन घ्यायचा होता. त्यामुळे मला तीन दिवस घरी मिळाले. पुढच्या दोन महिन्यांत घराचं जे सुख मिळालं, त्यातला मोठा वाटा याच तीन दिवसांचा.

त्यानंतर ट्रेनरच्या गाडीवर. आमच्या कराडकडे काका ट्रकवर होते. आधी चार वर्षं क्लीनर. जेवण मालकाचं, खेपेला भत्ता, आणि रस्ता रिकामा असला की उस्ताद स्टिअरिंग हातात देणार. इथे ती चार वर्षं सात आठवड्यांत बसवली आहेत. उस्ताद आणि शिकाऊ एकाच केबिनमध्ये राहतात, झोपतात, जेवतात. माझा ट्रेनर जॉर्जियाचा, साठीचा, कमी बोलणारा माणूस. मागे घेताना तो खाली उतरून उभा राहायचा आणि हाताने फक्त थांबण्याची खूण करायचा. मी आजही ट्रेलर लावताना मनात तो हात बघतो.

या टप्प्याचा पगार नीट समजून घ्या. भरती करणारा म्हणाला होता, "आठवड्याला जवळपास सहाशे." कागदावर होतं: ट्रकवरच्या प्रत्येक दिवसाला ८५ डॉलर. सात दिवस भरले तर ५९५. पण पाचव्या आठवड्यात ट्रेनर स्वतःच्या घरी गेला, कारण गाडी त्याची आणि सुट्टीचा पत्ताही त्याचाच. मी त्याच्या गावाबाहेरच्या मोटेलमध्ये तीन दिवस राहिलो. खोलीचं भाडं कंपनीने दिलं, पण ते तीन दिवस "ट्रकवरचे" नव्हते. त्या आठवड्यात मला ३४० डॉलर मिळाले, आणि घरीही जाता आलं नाही. म्हणून विचारा: पगार आठवड्याचा की दिवसाचा? ट्रेनर घरी गेला की माझा दिवस धरणार का? गाडी गॅरेजमध्ये अडकली तर?

तासांचा हिशेबही करून बघा. कायद्याने एका पाळीत ११ तास चालवता येतं, तेही काम सुरू केल्यापासून १४ तासांच्या आत, मग सलग १० तास विश्रांती, आणि आठ दिवसांत जास्तीत जास्त ७० तास. सत्तर तास भरले आणि ५९५ मिळाले तर तासाला साडेआठ डॉलर पडतात. केंद्राचं किमान वेतन २००९ पासून ७.२५ आहे, म्हणजे आपण त्याच्या जरा वर. राज्याराज्यांत फिरणाऱ्या ड्रायव्हरला केंद्राच्या कायद्याने ओव्हरटाइमही मिळत नाही. शेजारच्या गोदामात यापेक्षा जास्त मिळतात, आणि माणूस रोज रात्री घरी असतो. हे माहीत असून या टप्प्यात उतरायचं असेल तर उतरा. मी ते माहीत नसताना उतरलो, आणि त्याचा त्रास माझ्यापेक्षा बायकोला जास्त झाला.

आणखी एक खड्डा आरोग्य विम्याचा. कायद्याने कंपनी नव्या माणसाला जास्तीत जास्त ९० दिवस थांबवू शकते. आमच्याकडे साठ दिवस होते, आणि ते शाळेपासून नव्हे, नोकरीवर घेतल्याच्या तारखेपासून. मुलं लहान असतील तर जुना विमा तोवर चालू ठेवा. मी तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवूनच निघा असं सांगतो. तेवढे पैसे नसतील तर तालुक्याच्या, म्हणजे इथल्या काउंटीच्या, रोजगार कार्यालयात जाऊन केंद्राच्या वायोआ (WIOA) योजनेबद्दल विचारा. बेकार किंवा कमी उत्पन्नाच्या माणसाला पात्रतेनुसार त्यातून ट्रक शाळेची फी मिळू शकते. मग उचल घ्यायची गरजच राहत नाही, आणि पहिली कंपनी तुम्ही निवडता.

आता होम टाइम, म्हणजे घरी जायची सुट्टी. जाहिरातीतलं "सात दिवसांमागे एक दिवस घरी" हे एकट्याने गाडी चालवायला लागल्यावरचं आहे. शिकताना नाही. सात आठवड्यांत मी एकदाच घरी गेलो, छत्तीस तासांसाठी, तेही एक लोड योगायोगाने न्यू जर्सीचा लागला म्हणून. त्या वर्षी घरचा गणपती पाच दिवसांचा होता. दोन आठवडे आधी मी डिस्पॅचरला, म्हणजे कंपनीत बसून लोड ठरवून देणाऱ्याला, फोनवर सांगितलं होतं, तो "बघतो" म्हणाला होता. चतुर्थीला मी आयोवात वॉलकॉटच्या त्या प्रचंड ट्रक स्टॉपवर होतो. सकाळची आरती व्हिडिओवर पाहिली, लेकीने मोदक कॅमेऱ्यासमोर धरला, आणि ट्रेनरने काही न विचारता इंजिन बंद केलं, मला आवाज नीट ऐकू यावा म्हणून. तेव्हापासून मी कुठलीही तारीख तोंडी मागत नाही. गाडीतल्या टॅबलेटवर संदेश पाठवतो आणि उत्तराचा फोटो काढून ठेवतो. डिस्पॅचर बदलला तरी लेखी तारीख टिकते.

एकट्याने चालवायला लागल्यावरही दिवस कसे मोजतात ते बघा. घड्याळ तुम्ही घराचं दार उघडल्यावर सुरू होत नाही, शेवटचा माल उतरवला की सुरू होतं. त्रेपन्न फुटी ट्रेलर घेऊन एडिसनच्या गल्लीत शिरता येत नाही. गाडी चाळीस मैलांवर लावायची, तिथून कोणीतरी न्यायला यायचं. तीन दिवसांची सुट्टी घरात मोजली तर दोनाच्या आसपास भरते. काही डिस्पॅचर सलग चौतीस तासांच्या विश्रांतीलाच सुट्टी म्हणतात. ती विश्रांती सत्तर तासांचं खातं पुन्हा शून्यावर आणण्यासाठी असते. रस्त्यावर नेब्रास्कात घेतली तर तिला होम टाइम म्हणू देऊ नका.

पैसा मात्र या टप्प्यावर खरंच बदलतो. मला मैलाला ४८ सेंट मिळत, आठवड्याला सरासरी २,१०० मैल, म्हणजे हजार डॉलरच्या थोडं वर. गोदामाच्या दारात तासन्‌तास उभं राहिलात तर ते मैल होत नाहीत. थांबण्याचे पैसे बहुतेक ठिकाणी पहिले दोन तास सोडून मिळतात, तेही वेळ नोंदवलेली असेल तर.

कागदपत्रांचं राहिलं. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर परवान्याची वाट सरळ आहे. एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, कामाचा परवाना असलेल्यांनी फी भरण्याआधी आपल्या राज्याच्या परवाना कार्यालयात चौकशी करावी, कारण २०२५ पासून तात्पुरत्या व्हिसावरच्यांच्या ट्रक परवान्यांवर फार कडक धोरण आलं आहे. रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजीत उत्तरं देता आली नाहीत, तर त्याच वर्षीच्या जूनपासून ड्रायव्हरला जागीच गाडी चालवण्यापासून थांबवतात. घरच्या बायका-मुली या धंद्यात येत असतील तर ट्रेनर कोण असेल आणि रात्रीची सोय काय, हे त्यांनी पहिल्याच फोनवर विचारावं. समोरचा उत्तर टाळत असेल तर दुसरी कंपनी बघावी.

माझा करार तेराव्या महिन्यात संपला. बारावा संपल्यावर लगेच संपायला हवा होता, पण घरगुती कारणाने घेतलेली चार आठवड्यांची बिनपगारी रजा त्यांनी मुदतीत धरली नाही, आणि तेही करारात होतं. संपल्यावर "काही देणं नाही" असं पत्र मागून घेतलं. ते यायला तीन ईमेल आणि एक फोन लागला. त्याची एक प्रत गाडीत वैद्यकीय कार्डाच्या पाकिटात आहे, दुसरी घरी देवघराच्या खणात.