घाबरट माणसानं रात्रीच्या घोस्ट टूरला कसं जावं

मी घाबरट आहे. रात्री पाणी प्यायला उठले तर पॅसेजचा दिवा लावल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नाही. तरीही प्रवासात आजवर सात घोस्ट टूर केल्या, म्हणजे गाइडबरोबर गावातल्या भुताखेतांच्या गोष्टी ऐकत रात्रीची फिरती. त्यातल्या सहा शेवटपर्यंत केल्या, एक अर्ध्यात सोडली. आता जे सांगणार आहे त्यातलं निम्मं त्या सोडलेल्या टूरनं शिकवलं.

मग जायचंच कशाला, असं घरचे विचारतात. दिवसाच्या टूरमध्ये राजे, लढाया आणि कॅथेड्रलची उंची ऐकायला मिळते. रात्रीच्या टूरमध्ये प्लेगमध्ये घरात कोंडलेले लोक येतात, तुरुंगात विसरले गेलेले कैदी येतात, तळघरात राहणारे चांभार आणि हमाल येतात. साध्या माणसांची आठवण गावानं भुतांच्या गोष्टींत जपलेली असते. ती ऐकायची मला फार ओढ आहे, आणि नुसत्या भीतीपायी ती सोडून द्यायची माझी तयारी नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट स्वतःशी स्पष्ट करा: तुम्हाला भीती वाटते की तुम्ही दचकता? दोन्ही एक नव्हेत. मागून कोणी ओरडलं की डोळे मिटतात, खांदे वर जातात, आणि हे सगळं आपण विचार करायच्या आत होऊन जातं. ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे, तिच्यापुढे कितीही धीर धरला तरी उपयोग नाही. गोष्ट ऐकताना हळूहळू चढत जाणारी भीती मात्र वेगळी. तिला वेळ लागतो, आणि त्या वेळात आपल्याला काहीतरी करता येतं. मला गोष्टीची भीती झेपते, दचकवणं अजिबात झेपत नाही. घोस्ट टूरही याच दोन जातींच्या असतात. काही गोष्ट सांगतात, काही अंधारातून माणूस अंगावर सोडतात. आपली कोणती हे बुकिंगच्या आधीच कळायला हवं.

त्यासाठी मी रिव्ह्यू उलट्या बाजूनं वाचते. पाच तारे देणारे सगळे 'मस्त मजा आली' एवढंच लिहितात, त्यातून काही कळत नाही. दोन तारे देणारे शोधा. 'अजिबात भीती वाटली नाही, बाई नुसता इतिहासच सांगत होती' असं कोणी रागानं लिहिलं असेल तर ती टूर आपली. 'शेवटी जे झालं ते सांगणार नाही' असं दोन-तीन जणांनी लिहिलं असेल तर शेवटी कोणीतरी किंचाळत बाहेर येतं, हे नक्की समजा. वयाची अटही बघा. लहान मुलांना घेत असतील तर बहुतेक वेळा सौम्य असते, फक्त मोठ्यांसाठी असेल तर विचारूनच जा. आणि सरळ ईमेल करा. माझा मजकूर ठरलेला आहे: मी लवकर घाबरते, टूरमध्ये कोणी अचानक अंगावर येतं का, कुठे पूर्ण अंधार करता का, आणि मध्येच बाहेर पडायचं झालं तर कुठून पडता येईल? या तीन प्रश्नांना नीट उत्तर देणारे लोक टूरवरही नीट वागतात, असा माझा आजवरचा अनुभव आहे.

महिना आणि वेळ यांच्याकडे कोणी फारसं बघत नाही, पण आपल्यासाठी हेच मोठं हत्यार आहे. स्कॉटलंडमधल्या एडिनबरामध्ये जूनअखेर सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो. म्हणजे आठची टूर घेतली तर सगळी फिरती उजेडात होते. डिसेंबरमध्ये तिथेच पावणेचारच्या आसपास सूर्य मावळतो आणि पाचची टूरसुद्धा मिट्ट काळोखात चालते. पहिल्यांदा जाणाऱ्यानं उत्तरेकडच्या गावांत उन्हाळाच गाठावा. फक्त जमिनीखाली उतरणारी टूर असेल तर या हिशेबाचा उपयोग नाही, तिथे बारा महिने रात्रच. म्हणून पहिली टूर गल्ल्यांतून चालत जाणारी घ्या. इंग्लंडमधलं यॉर्क त्यासाठी फार चांगलं. गाव लहान, रस्ते अरुंद पण दिव्यांचे, आणि चालता चालता रोजची माणसं भेटत राहतात. एखादी बाई कुत्र्याला फिरवत बाजूनं गेली की केवढा जिवात जीव येतो!

आता ती अर्धवट सोडलेली टूर. गावाचं आणि कंपनीचं नाव सांगत नाही. बरोबर माझा भाचा होता, तेव्हा तो सतरा वर्षांचा. "मावशी, नको येऊस हवं तर," असं तो दोनदा म्हणाला होता. मी काहीही न विचारता, नुसते फोटो बघून बुकिंग केलं होतं. तळघरात गाइडनं दिवा मालवला आणि काळ्या कपड्यांतला एक माणूस माझ्या कानाशी येऊन किंचाळला. पुढचं मला आठवतं ते थेट वरच्या गल्लीतलं. जिना मी कसा चढले ते सांगता येणार नाही. रात्रीचे साडेदहा, अनोळखी गल्ली, फोनची बॅटरी संपत आलेली, हॉटेलचा पत्ता भाच्याच्या फोनमध्ये आणि भाचा खाली. पंचवीस मिनिटं मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून होते. त्या किंचाळण्यानं एक क्षण जीव घेतला, पण खरी पाचावर धारण बसली ती त्या पायरीवर.

तेव्हापासून निघण्याआधी काही गोष्टी केल्याशिवाय मी पाऊल उचलत नाही. फोन पूर्ण चार्ज करते. हॉटेलचं नाव-पत्ता कागदावर लिहून कोटाच्या खिशात ठेवते. टूर जिथे संपते तिथून परतीचा रस्ता दिवसाउजेडी एकदा चालून बघते. आणि बरोबरच्या माणसाशी करार करते: मी बाहेर पडले तर तू पण बाहेर पडायचं, कारण विचारायचं नाही, रुसायचं नाही. ज्याला हे कबूल नाही त्याच्याबरोबर मी जात नाही. एकटे असाल तर ज्या टूरचा शेवट वर्दळीच्या चौकात होतो तीच घ्या.

टूरच्या जागी दहा मिनिटं आधी पोहोचा आणि गाइडला गाठा. सगळ्यांसमोर नको, बाजूला घेऊन सांगा. एडिनबरामध्ये साउथ ब्रिजखालच्या तळघरांत जायच्या आधी मी गाइडला म्हटलं, "मला लवकर भीती वाटते, मध्येच बाहेर जावंसं वाटलं तर काय करू?" ती हसली नाही. तिनं मला दाराचा बोळ दाखवला आणि म्हणाली, "माझ्या डाव्या हाताला उभ्या राहा. नुसता माझ्या बाहीला हात लावा, मी थांबेन." पुढचा तासभर ती बाही माझ्या हाताच्या अंतरावर होती. मी एकदाही हात लावला नाही, पण ती तिथे आहे हे मला सारखं ठाऊक होतं.

ग्रुपमध्ये उभं कुठे राहायचं यालाही महत्त्व आहे. सगळ्यात शेवटी कधीच नाही. पाठीमागे मोकळा अंधार असला की मान सारखी वळते आणि गोष्टीतलं काही डोक्यात शिरत नाही. गाइडच्या जवळ, बाजूला एक माणूस, पाठीला भिंत, ही माझी जागा. दचकवणारी माणसं ठेवलेली असतील तर तीही बहुधा मागूनच येतात. कुठे कुठे ग्रुपमधल्या लोकांच्या हातात कंदील देतात, ऑस्ट्रेलियात टास्मानियातल्या पोर्ट आर्थरच्या जुन्या कैदी वसाहतीत देतात तसा. असा कंदील मिळत असेल तर पुढे होऊन तो मागा. हाताला काम मिळतं, उजेड आपल्याकडे राहतो, आणि बाकीचे आपल्याजवळ येऊन उभे राहतात.

डोळ्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण हे कळल्यावर माझी अर्धी भीती गेली. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात, आणि फोनचा लखलखीत दिवा एकदा लावला की ती मेहनत वाया जाते. म्हणून घाबरून टॉर्च लावू नका. त्यानंतरचा अंधार आधीपेक्षा दाट वाटतो. दुसरं असं की मंद उजेडात बघणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यभागी नसतातच, त्या कडेला असतात. त्यामुळे अंधारात नजरेच्या कोपऱ्यात काहीतरी फिकट उभं असल्याचं दिसतं आणि सरळ बघायला जावं तर ते नाहीसं होतं. साउथ ब्रिजखालच्या तळघरातल्या एका कोपऱ्यात मला हे स्वतः दिसलं. उंचीला माणसाएवढं, राखाडी. मान वळवली, गेलं. परत समोर बघितलं, आलं. तिसऱ्यांदा मी मुद्दाम नजर जरा बाजूला ठेवून बघत राहिले, तेव्हा कळलं की भिंतीवरून पाणी झिरपून पडलेला तो चुन्याचा ओघळ आहे. काही दिसलं की तिकडे थेट रोखून बघू नका, किंचित बाजूला बघा.

तो ओघळ तिथे का होता हेही पुढे गोष्टीतच आलं. साउथ ब्रिज हा पूल 1788 मध्ये वापरात आला. त्याला 19 कमानी आहेत, पण दोन्ही बाजूंनी इमारती उठल्यामुळे त्यातली एकच उघड्यावर दिसते. बाकीच्यांच्या पोटात मजले घालून खोल्या केल्या. तिथे आधी कारागीर आणि कोठारं होती. वरून पाणी गळायला लागलं तसे ते सोडून गेले आणि ज्यांना दुसरीकडे कुठे थारा नव्हता ती माणसं राहायला आली. याच तळघरांत आणि लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइझमन आणि सहकाऱ्यांनी माणसांना फिरवून त्यांचे अनुभव नोंदवले, 2003 मध्ये ते प्रसिद्ध झाले. काही ठरावीक जागांतच लोकांना जास्त विचित्र वाटलं होतं, आणि त्याचा संबंध तिथला उजेड, खोलीची उंची अशा गोष्टींशी दिसला. छातीत धडधडायला लागलं की मी मान वर करून छत किती उंच आहे ते बघते. श्वास आत घेतला त्यापेक्षा दुप्पट वेळ लावून बाहेर सोडते. असं चार-पाच वेळा केलं की पायांतली लटपट थांबते.

गोष्ट कशी ऐकायची, तर प्रश्न विचारत. गप्प राहिलं की भीती आत साठत जाते. यॉर्कला ट्रेझरर्स हाउस या जुन्या वाड्यापाशी गाइडनं 1953 सालची हकीकत सांगितली. तळघरात पाइपचं काम करणाऱ्या अठरा वर्षांच्या शिकाऊ मुलाला भिंतीतून रोमन सैनिक बाहेर येताना दिसले. थकलेले, मळलेले, आणि गुडघ्यापासून वरचेच. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पण मी विचारलं, गुडघ्याखालचं का नाही दिसलं? गाइड म्हणाला, जुना रोमन रस्ता तळघराच्या जमिनीच्या खाली आहे. जिथे खणून तो उघडा केला होता तिथे आल्यावर सैनिकांचे पाय दिसले, असं तो मुलगा सांगायचा. मग मला त्या सैनिकांची भीती वाटेना. एवढं दमून ते कुठून चालत येत असतील, घरापासून किती लांब, हेच मनात घोळत राहिलं.

बंद पडक्या जागी रात्री स्वतःहून शिरण्याला मात्र मी टूर म्हणत नाही. राजस्थानातल्या भानगढच्या पडक्या किल्ल्यात सूर्यास्तानंतर आत जायला पुरातत्त्व खात्याची मनाई आहे, ती पाळा. अंधारात ढासळलेल्या पायऱ्या आणि उघड्या विहिरी खऱ्याखुऱ्या असतात.

टूर संपली की लगेच खोलीवर जाऊ नका. उजेडात, माणसांत अर्धा तास बसा आणि ऐकलेलं सगळं एकमेकांना परत सांगा. भाचा आणि मी हे दर वेळी करतो. तोंडानं सांगितलेली गोष्ट डोक्यात फिरणाऱ्या गोष्टीपेक्षा लहान होते. खोलीत गेल्यावर बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार किंचित उघडं ठेवा, आणि त्या रात्री फोनवर त्या जागेबद्दल आणखी काही शोधू नका. ते काम सकाळचं.

आणि सकाळी त्याच जागी परत जा. एडिनबरामधलं ग्रेफ्रायर्स कब्रस्तान मी रात्री पाहिलं तेव्हा जॉर्ज मॅकेन्झीच्या कबरीवरच्या घुमटाकडे मान वर करून बघवलं नव्हतं. 1679 मध्ये धर्मासाठी उठलेल्या शेकडो कैद्यांना याच कब्रस्तानाला लागून उघड्या मैदानात महिनोन्महिने ठेवलं होतं, आणि त्यांच्यावर खटले चालवणारा मॅकेन्झी पुढे याच कब्रस्तानात पुरला गेला. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता गेले तेव्हा गवत ओलं होतं आणि एक माळी पानं गोळा करत होता. घुमटाच्या दारापाशी जाऊन मी दगडाला हात लावून पाहिला. रात्री ज्या भिंतीला पाठ टेकून उभी होते तिच्यावर एक लहानशी कबरपाटी निघाली, झिजलेली. नाव वाचता येत नव्हतं. वाकून बोटानं अक्षरं चाचपत मी तिथे बराच वेळ बसले.