“माले समदं कयस” म्हणणाऱ्या नेत्याचा दावा कसा तपासावा

निवडणुकीचा मोसम आला की जळगाव, धुळे, नंदुरबारात एक प्रकार हमखास ऐकू येतो. भाऊ असोत, आबा, आप्पा नाहीतर नाना, माईक हातात आला की “माले समदं कयस” (अहिराणी बोलीत “मला सगळं कळतं”) अशा थाटात स्वतःच्या बुद्धीचं वर्णन सुरू होतं. “माझा आयक्यू एकशे ऐंशी आहे.” “मी गोल्ड मेडलिस्ट.” “इंजिनिअरला जे कळत नाही ते मला कळतं.” “मी हे दहा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं.” हे चार दावे चार वेगळ्या जातींचे आहेत आणि प्रत्येकाची तपासणी वेगळी. सगळ्यांना “फेकतोय” म्हणून एकाच पोत्यात भरलं तर तपासणी होतच नाही, उलट एखादा खरोखर शिकलेला माणूसही त्यात भरडला जातो.

आधी नेमके शब्द मिळवा

वीस सेकंदांच्या रीलवर विसंबू नका. आयोजकांच्या पानावर सभेचं पूर्ण थेट प्रक्षेपण बहुतेकदा राहिलेलं असतं. ते शोधा आणि दाव्याच्या आधीची दोन मिनिटं, नंतरची दोन मिनिटं ऐका. वहीत चार गोष्टी लिहा: तारीख, गाव, जसेच्या तसे शब्द, आणि ते कितव्या मिनिटाला आले. बोललेलं अहिराणीत असेल तर अहिराणीतच लिहा, प्रमाण मराठी करताना अर्थ सरकतो. हल्ली हुबेहूब आवाज यंत्राने तयार होतो, म्हणून नुसत्या ध्वनिफितीवर कधीच थांबू नका. दृश्य, दुसऱ्या कोनातून घेतलेलं चित्रण किंवा दुसऱ्या दिवशीच्या जिल्हा आवृत्तीतली बातमी, यांपैकी एक तरी जुळायला हवं.

बोललं कोण, हेही नोंदवा. “उच्चविद्याविभूषित, डॉक्टर, विद्यावाचस्पती” ही विशेषणं बऱ्याचदा सूत्रसंचालकाची किंवा बॅनर छापणाऱ्या कार्यकर्त्याची असतात. बॅनरवर नावामागे “डॉ.” असणं आणि नेत्याने स्वतःच्या सहीच्या कागदावर “डॉ.” लिहिणं, यांत कायद्याच्या दृष्टीने मोठं अंतर आहे.

आयक्यूचा आकडा: खान्देशाच्या लोकसंख्येवर घासून पाहा

आजच्या मान्य चाचण्यांत सरासरी १०० धरलेली असते आणि १५ गुणांची एक पायरी. १३० म्हणजे दोन पायऱ्या वर, तिथे किंवा त्याहून वर शंभरात साधारण २.३ माणसं असतात. १४५ ला ७४१ मध्ये एक. १६० ला सुमारे साडेएकतीस हजारांत एक. १८० ला दोन कोटींत एक.

आता २०११ च्या जनगणनेचे आकडे घ्या: जळगाव जिल्हा ४२.३० लाख, धुळे २०.५१ लाख, नंदुरबार १६.४८ लाख. बेरीज ७९.२९ लाख. या हिशोबाने तिन्ही जिल्ह्यांत मिळून १३० च्या वरचे सुमारे एक लाख ऐंशी हजार लोक निघतात, १४५ च्या वरचे दहा हजार सातशेच्या आसपास, १६० च्या वरचे जेमतेम अडीचशे. आणि १८० चा अख्खा एक माणूससुद्धा खान्देशाच्या वाट्याला येत नाही. कोणी २०० सांगितला तर तो सुमारे ७,६०० कोटींत एक होतो. सबंध पृथ्वीवर माणसं आहेत आठशे कोटींच्या घरात.

म्हणजे तो माणूस खोटंच बोलतोय असं सिद्ध झालं का? नाही. दुर्मीळ माणूस कुठेही जन्मू शकतो. पण त्या उंचीवर मोजणारी फूटपट्टीच नाही. प्रौढांसाठी जगभर वापरली जाणारी वेक्स्लर चाचणी १६० ला थांबते. तिच्या चौथ्या आवृत्तीचे मानदंड २,२०० लोकांवर ठरवले गेले, आणि एवढ्या नमुन्यावरून दोन कोटींतला एक ओळखता येत नाही. १८० हा आकडा बहुतेक वेळा दोन ठिकाणांहून येतो. एक म्हणजे मोबाईलवरच्या फुकट चाचण्या. वीस प्रश्न, भरघोस आकडा आणि शेवटी पैसे भरून प्रमाणपत्र. दुसरं म्हणजे लहानपणचा जुना हिशोब: मानसिक वय भागिले खरं वय गुणिले शंभर. आठ वर्षांच्या पोराने बारा वर्षांच्या पोराइतकी उत्तरं दिली की त्याचा आकडा १५० होतो. हे सूत्र मुलांपुरतं होतं. पन्नाशीच्या माणसाला ते लावताच येत नाही.

म्हणून आकडा ऐकला की विचारा: चाचणीचं नाव काय, कोणत्या वर्षी दिली, कोणी घेतली, अहवाल कुठे आहे. खरी चाचणी समोरासमोर होते, तास-दीड तास चालते, प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ घेतो. चांगल्या अहवालात एकटा आकडा नसतो, “अमुक ते तमुक यांच्या दरम्यान” अशी मर्यादाही दिलेली असते. जो माणूस “एकशे त्र्याऐंशी” असा ठोक आकडा सांगतो आणि चाचणीचं नाव सांगू शकत नाही, त्याच्या आकड्यासमोर वहीत “आधार नाही” लिहून पुढे जा. “मेन्साचा (उच्च आयक्यूवाल्यांच्या संघटनेचा) सदस्य आहे” असं कोणी म्हणालं तर त्याचा अर्थ वरच्या दोन टक्क्यांत आहे, एवढाच. खान्देशाच्या हिशोबात असे दीड लाखांहून जास्त लोक भरतील.

एक गफलत मोठमोठे लोक करतात, तिची ओळख हवी. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांना माँट्रियल चाचणीत ३० पैकी ३० गुण मिळाल्याचं त्यांच्या डॉक्टरांनी जाहीर केलं. त्याच महिन्यात ट्रम्प यांनी स्वतःला अतिशय स्थिर बुद्धीचा महामेधावी म्हणवून घेतलं होतं. पुढे २०२० मध्ये त्यांनी त्या चाचणीसारखे पाच शब्द टीव्हीवर म्हणून दाखवले. पण ही चाचणी बुद्धी मोजत नाही. घड्याळ काढा, घनाचं चित्र उतरवा, प्राण्यांची नावं सांगा, शंभरातून सात-सात वजा करत जा, पाच शब्द थोड्या वेळाने आठवा: दहा मिनिटांचं काम. उतारवयात स्मरणशक्ती ढासळू लागली आहे का, एवढंच ती चाळते. २६ आणि वर म्हणजे सर्वसाधारण. तीसपैकी तीस मिळाले म्हणजे घसरण दिसली नाही, यापलीकडे काही ठरत नाही. आपल्याकडचा नेता “डॉक्टरांनी मेंदू तपासला, शंभर टक्के” म्हणाला तर तोही याच जातीचा दावा.

पदवी, मेडल, बोर्डात पहिला

इथे कागद बोलतो, म्हणून वेळ इथेच घालवा.

सुरुवात प्रतिज्ञापत्रापासून. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर लोकसभा-विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला नमुना २६ मध्ये शिक्षण लिहून द्यावं लागतं: सर्वांत वरची पदवी, तिचं पूर्ण नाव, शाळा-कॉलेज किंवा विद्यापीठाचं नाव आणि पूर्ण केल्याचं वर्ष. हे भाग अ च्या शेवटाकडे असतं आणि भाग ब च्या गोषवाऱ्यात पुन्हा येतं. दोन्हीकडे एकच लिहिलंय का ते बघा. केंद्रीय निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ही प्रतिज्ञापत्रं मिळतात. जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथले कागद केंद्रीय आयोगाकडे शोधत बसू नका.

मग २०१४, २०१९ आणि २०२४ ची प्रतिज्ञापत्रं शेजारी-शेजारी ठेवा. शिक्षण वाढलं असेल तर मधल्या वर्षांत ते कुठे झालं? वय पाचने वाढलं का आठने? पदवीचं वर्ष बदललं का? एका वेळी “बी.ए.” आणि पुढच्या वेळी “बी.ए. द्वितीय वर्ष” असेल तर त्या नेत्याच्या कार्यालयाला लेखी विचारा. टंकलेखनाची चूकही असते, त्यामुळे उत्तर येईपर्यंत थांबा.

वर्ष आणि विद्यापीठ जुळतात का, हे आपल्या भागात सहज कळतं. जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला सुरू झालं. त्याआधी खान्देशातली महाविद्यालयं, अमळनेरचं प्रताप आणि जळगावचं मूळजी जेठा धरून, पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. १९८४ ची पदवी “उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ” म्हणून लिहिली असेल तर गडबड आहे. १९९१ किंवा १९९२ चं प्रमाणपत्र पुण्याचं असेल तर लगेच बोट दाखवू नका, आधी प्रवेश घेतलेल्यांचं संक्रमण तेव्हा चालू होतं. “कवयित्री बहिणाबाई चौधरी” हे नाव लागलं २०१८ मध्ये. त्याआधीच्या मूळ प्रमाणपत्रावर ते छापलेलं असू शकत नाही. (ज्या विद्यापीठाच्या पदवीचा एवढा तोरा मिरवला जातो, त्याला नाव शाळेत न गेलेल्या असोद्याच्या बाईचं आहे, हे आमच्या नेत्यांच्या लक्षात क्वचित येतं.) वैद्यकीय पदवी असेल तर नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ चं. नंदुरबार जिल्हाही १ जुलै १९९८ चा, म्हणून “१९९० साली नंदुरबार जिल्ह्यात पहिला” हे वाक्य कानाला खटकायला हवं. शालान्त परीक्षा दहावीला येऊन ठेपली १९७५ मध्ये, त्याआधी अकरावीची मॅट्रिक होती. १९७० साली “दहावी बोर्डात पहिला” आलेल्या माणसाला बोर्ड कोणतं ते विचाराच. बोर्डात पहिला, केंद्रात पहिला आणि शाळेत पहिला यांतही सभेत गल्लत केली जाते.

मेडलचा दावा पदवीदान समारंभाच्या पुस्तिकेत सापडतो. ट्रम्प यांच्याबद्दल वर्षानुवर्षं छापून येत होतं की व्हार्टन या अमेरिकेतल्या व्यवस्थापन महाविद्यालयात ते वर्गात पहिले होते. १९६८ च्या समारंभाची पुस्तिका काढून पाहिली तर मानाने उत्तीर्ण झालेल्यांच्या यादीत त्यांचं नावच नाही. पदवी खरी, पहिला क्रमांक निराधार. आपल्याकडेही बहुतेक दावे असेच अर्धे खरे निघतात. विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तिका मिळते का ते विचारा, जळगावच्या व. वा. वाचनालयासारख्या जुन्या वाचनालयांत त्या वर्षीच्या वर्तमानपत्रांच्या अंकांची चौकशी करा.

“डॉ.” असेल तर तीन शक्यता: वैद्यकीय, संशोधनाची, मानद. पहिली वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत दिसते. दुसरीसाठी शोधगंगा या प्रबंधसंग्रहात नाव शोधा. मात्र २००९ च्या नियमांआधीचे कितीतरी प्रबंध तिथे चढलेलेच नाहीत, म्हणून “सापडला नाही” म्हणजे “नाही” असं समजू नका. तिसरीत देणारी संस्था बघा. पदवी देण्याचा अधिकार १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याने ठरावीक विद्यापीठांनाच आहे. हॉटेलच्या सभागृहात शाल, टोपी आणि “आंतरराष्ट्रीय विद्यापीठा”चा कागद देणाऱ्या संस्थेचं नाव आयोगाच्या यादीत आहे का, तेवढं पाहिलं की पुरतं. आयोग बोगस विद्यापीठांची वेगळी यादीही प्रसिद्ध करतो.

माहिती अधिकारात अर्ज करायचा तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, एकच विषय ठेवा आणि मजकूर दीडशे शब्दांत बसवा. महाराष्ट्राच्या नियमांत तसं बंधन आहे. उत्तराची मुदत तीस दिवस. “अमुक यांची गुणपत्रिका द्या” असं मागितलं तर खासगी माहिती म्हणून अर्ज फेटाळला जाण्याचीच शक्यता जास्त. त्याऐवजी “अमुक वर्षीच्या सुवर्णपदक विजेत्यांची यादी द्या” असं मागा. ती समारंभात जाहीर वाचली गेलेली असते, नाकारायला कारण कमी उरतं.

“इंजिनिअरपेक्षा जास्त कळतं”

याला कागद नको, कॅल्क्युलेटर पुरतो. समजा सभेत वाक्य आलं: “एक टीएमसी पाण्यात मी पन्नास हजार हेक्टर केळी भिजवून दाखवतो.” एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. पन्नास हजारांनी भागा: हेक्टरी ५६६ घनमीटर. दीड बाय दीड मीटरवर लावलेल्या केळीत हेक्टरी सुमारे ४,४०० झाडं बसतात. भर उन्हाळ्यात ठिबकवर झाडामागे रोज २० लिटर धरा: ८८ घनमीटर रोजचे. ५६६ भागिले ८८, साडेसहा दिवसही नाही. आणि यात कालव्याची गळती, बाष्पीभवन काहीच धरलेलं नाही. रावेर-यावलच्या कोणत्याही केळीवाल्याला हा हिशोब तोंडी येतो, म्हणून असं वाक्य तिकडच्या सभेत सहसा येत नाही.

आकडा नसलेला दावा, म्हणजे “माझ्या डोक्यात पूर्ण आराखडा आहे”, तपासता येत नाही. त्यावर तीनच प्रश्न: किती, कधीपर्यंत, पैसा कोणत्या खात्यातून. उत्तर नाही आलं तर तसं लिहा. नेत्याला लोकांची नावं, नाती, भांडणं तोंडपाठ असतात, हीही हुशारीच आहे आणि राजकारणात ती खरी कामाची. पण तिच्यावरून धरणाचं गणित येतं असं ठरत नाही.

“मी आधीच सांगितलं होतं”

जुनं भाषण किंवा बातमी मागा, तारखेसकट. मग त्याच वर्षी त्याच माणसाने केलेली बाकीची भाकितं काढा आणि बरोबर-चूक असे दोन रकाने करा. फक्त बरोबर निघालेलं एक भाकीत मोजलं तर कोणीही द्रष्टा ठरतो. “काहीतरी मोठं होणार आहे” यासारखी मोघम वाक्यं कोणत्याच रकान्यात घालू नका.

लिहिताना आणि तक्रार करताना

“खोटारडा”, “अडाणी” हे शब्द टाळा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली अब्रुनुकसानीचा खटला होऊ शकतो. “अमुक तारखेला असं म्हणाले, प्रतिज्ञापत्रात असं आहे, विचारणा केली, उत्तर आलं नाही” या क्रमाने लिहिलं तर वाचणारा स्वतः ठरवतो. अल्पशिक्षित असण्याची टिंगल करू नका. कमी शिकलेला असणं हा दोष नाही आणि तपासणीचा तो विषयही नाही.

प्रतिज्ञापत्रातच खोटं लिहिल्याचा पुरावा असेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२५अ आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. त्यासाठी तक्रार सक्षम न्यायालयात करायची असते. निवडच रद्द करून मागायची असेल तर निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात दाखल व्हावी लागते, आणि आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी ते खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. ती फक्त त्या मतदारसंघाचा मतदार किंवा उमेदवारच करू शकतो. सभेत मारलेली फुशारकी मात्र या दोन्ही तरतुदींत बसत नाही. तिच्यासाठी पुढच्या सभेत हात वर करून चाचणीचं नाव विचारणं एवढाच उपाय आहे.