विज्ञान प्रदर्शनात प्लेगचा डॉक्टर उभा करायचाय? आधी झगा शिवा

अंबाजोगाईकडच्या शाळांत ज्वालामुखी आणि ठिबक सिंचनाची मॉडेलं पाहून परीक्षकही कंटाळलेत. यंदा युरोपातला प्लेगचा डॉक्टर उभा करा, लांब झगा आणि पक्ष्यासारख्या चोचीचा मुखवटा घातलेला. घरातल्या अडगळीत भागतं.

लेकरं सगळ्यात आधी चोचीला हात घालतात. तुम्ही झग्यापासून सुरू करा. हा पोशाख फ्रान्सच्या तेराव्या लुईचा वैद्य शार्ल द लोर्म याच्या नावावर सांगतात, १६१९ चा. झग्याला मेण चोपडलेलं असायचं. आपण मांजरपाट काळा रंगवायचा, वाळला की त्यावर मेणबत्ती आडवी धरून घासायची, वर वर्तमानपत्र ठेवून हलकी इस्त्री फिरवायची. इस्त्री सरांनी किंवा मॅडमनीच करावी. कापड कडक होतं, पाणी टाकलं तर थेंब ओघळून जातो. परीक्षकांसमोर हेच दाखवा. लांबी घोट्यापर्यंत, पँट बुटात खोचलेली, हातमोजे चढवलेले. कुठं फट नको.

का, ते लेकराला नीट सांगता आलं पाहिजे. दुर्गंधीनं रोग होतो असा तेव्हाचा समज, म्हणून चोचीत सुगंधी पाला-मसाले भरत. प्लेगचा जंतू येर्सिन या शास्त्रज्ञानं १८९४ साली हाँगकाँगला शोधला. उंदरांवरच्या पिसवा तो पसरवतात हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये दाखवलं. म्हणजे चोचीमागचा तर्क फसला, पण मेणाच्या झग्यातून पिसवा सहज आत शिरत नसणार.

चोच सोपी. पुठ्ठ्याचा शंकू, साधारण अर्धा फूट, वरून मैद्याच्या खळीनं कागदाचे थर. डोळ्यांना फाइलच्या प्लास्टिकच्या गोल चकत्या. नाकपुड्यांपाशी दोन्हीकडं भोकं मूळ पोशाखातही होती. आपण मोठी ठेवू, लेकरू गुदमरायला नको. आत पुदिना आणि चार लवंगा बास. कापूर घालूच नका, बंद जागेत डोकं धरतं.

‘चौदाव्या शतकातला डॉक्टर’ अशी पाटी लिहू नका. १३४७ च्या महासाथीत ही चोच नव्हती. रोमच्या चोचवाल्या डॉक्टरचं प्रसिद्ध चित्र १६५६ चं आहे. आणि ‘आपल्याकडं कुठं प्लेग?’ असं कुणी विचारलंच, तर १९९४ सालचं बीड जिल्ह्यातलं मामला गाव सांगायला लावा. पुण्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, ही नसते.

काठी बांबूची चालेल. रोग्याला हात न लावता त्याचं पांघरूण काठीनं उचलून दाखवायचं. त्यासाठी सतरंजीवर एखादं आडदांड पोरगं झोपवा, हसू दाबणारं.