पॉलिमरच्या द्रावणात नॅनोकण मिसळताना या चुका टाळा

प्रोजेक्ट जमा करायची तारीख जवळ आली की पोरं बीकर घेऊन दारात उभी राहतात. चुका दरवर्षी त्याच, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे पीव्हीए या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरचं घट्ट द्रावण तयार करायचं, त्यात वरून कोरडी टायटानिया (टायटॅनियम डायऑक्साइड) पावडर ओतायची आणि मॅग्नेटिक स्टिरर (चुंबकाने ढवळणारं यंत्र) लावून चहाला जायचं. "सर, मिक्स होऊन राहिलं ना!" नाही होऊन राहिलं. वीसेक नॅनोमीटरचे कण डबीतच एकमेकांना चिकटून मोठ्या गाठी झालेले असतात. स्टिरर त्या गाठी गोल फिरवतो, फोडत नाही. मी पावडर आधी नुसत्या पाण्यात घेतो, प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी गाठी फोडणारी दांडी) थांबत थांबत चालवतो, आणि पॉलिमरचं द्रावण त्यानंतर. प्रोबने द्रावण तापतं, म्हणून बीकर बर्फातच हवा. मे महिन्यात नागपुरात टाकीचं पाणीच गरम येतं. त्यात बीकर ठेवून 'कूलिंग केलं' म्हणू नका.

पॉलिमर घातल्यावर मात्र प्रोबला आवर घाला. त्याने पॉलिमरच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, द्रावण पातळ होतं, आणि पोरं म्हणतात छान पसरलं.

आता झिंक ऑक्साइडची गंमत. एक विद्यार्थिनी झिंक ऑक्साइड घातलेलं कायटोसानचं (आम्लात विरघळणारं पॉलिमर) द्रावण घेऊन आली. काचेसारखं स्वच्छ, गाळाचा कण नाही. तिच्या गाइडनेही पाठ थोपटलेली. मी विचारलं, कायटोसान कशात विरघळवलं? एक टक्का अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये. मग झिंक ऑक्साइड उरेल कशाला? ते अ‍ॅसिडमध्ये विरघळतं. हिशेब मांडला तर असं 100 मिली द्रावण अर्ध्या ग्रॅमहून जास्त झिंक ऑक्साइड गिळू शकतं. तिने त्याहून बरंच कमी घातलं होतं. द्रावण वाळवून केलेल्या फिल्मचा एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची चाचणी) काढला, तर 31.8, 34.4, 36.2 अंशांवरची ओळखीची शिखरं गायब. बीकरमध्ये कण नव्हतेच, झिंकचे आयन होते. बरं, 'नॅनोकंपोझिट' (नॅनोकण मिसळलेलं पॉलिमर) नावाचा अर्धा प्रबंध लिहून झाला होता. तेव्हापासून पारदर्शक द्रावण दिसलं की मी आधी पीएच विचारतो, मग यूव्ही स्पेक्ट्रम (कोणता प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख). झिंक ऑक्साइड असेल तर 370 नॅनोमीटरच्या आसपास शोषण दिसलंच पाहिजे. कायटोसानच हवं असेल तर टायटानिया किंवा सिलिका घ्या, ते या अ‍ॅसिडला दाद देत नाहीत.

बाकी किरकोळ. डीएलएसचा (प्रकाशाच्या विखुरण्यावरून कणांचा आकार मोजायची पद्धत) एकच आकडा छापू नका. प्रकाशाचं विखुरणं कणाच्या आकाराच्या सहाव्या घाताने वाढतं, त्यामुळे दोन-चार गाठी सगळा आलेख खाऊन टाकतात. प्रोबचं टोक झिजलेलं असेल तर टायटॅनियमचे कण फुकटात मिळतात. पावडरची डबी कूलरच्या झोतात उघडी ठेवू नका, ओल धरते. वजन करताना पंखा बंद, तोंडाला मास्क, आणि वाऱ्यावर उडालेली पावडर 'अंदाजे' वजा करायची नाही, पुन्हा मोजायची.