सोसायटीचं ॲप दुसऱ्याच्या सर्व्हरवर, किल्ल्या मात्र आपल्याकडे

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मेंटेनन्सची बिलं, गेटवरची पाहुण्यांची नोंद, भाडेकरूंचे करार, सगळं एका ॲपवर आहे. सेक्रेटरी झालो त्या आठवड्यात सहज 'यूजर्स' उघडून बघितलं. अकरा नावं. दोन वर्षांपूर्वी ठाण्याला राहायला गेलेले माजी खजिनदार अजून ॲडमिन! शिवाय 'ऑफिस' नावाचं एक खातं, त्याचा पासवर्ड वॉचमनच्या केबिनमधल्या कॅलेंडरवर पेनाने लिहिलेला.

यात ॲपवाल्या कंपनीचा काही दोष नव्हता. सर्व्हर सांभाळणं, सॉफ्टवेअरमधली भोकं बुजवणं हे त्यांचं काम. आत कोणाला किती सोडायचं, हे आपलं.

म्हणून सुरुवात यादीपासून करा. प्रत्येक नावापुढे लिहा, याला नेमकं काय लागतं? वॉचमनला फक्त गेटची नोंद, हिशेबनिसाला बिलं. ॲडमिन दोनच ठेवा. एकच ठेवला आणि तो गणपतीला गावी गेला की सगळं अडतं. सामाईक खातं बंदच करा, नाहीतर बिलात कोणी फेरफार केला तर नोंदीत नुसतं 'ऑफिस' दिसतं आणि मग एकमेकांकडे बघत बसायचं. कमिटी बदलली की दप्तर सोपवतानाच जुन्यांचे लॉगिन काढा.

पुढचं काम लोक हमखास विसरतात. मुख्य खातं कोणत्या ईमेलवर नोंदवलंय ते बघा. आमचं होतं एका माजी सेक्रेटरींच्या खासगी ईमेलवर. म्हणजे 'पासवर्ड विसरलो' दाबलं की नवा पासवर्ड ठरवायची लिंक त्यांच्याकडे. सोसायटीच्या नावाने वेगळा ईमेल काढा आणि आधी त्यालाच दुहेरी पडताळणी (पासवर्डसोबत आणखी एक कोड) लावा, मग ॲपला. एसएमएसच्या ओटीपीपेक्षा फोनवरच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप बरं, कारण आपल्या नंबरचं नवं सिम दुसऱ्याने फसवून काढून घेतलं तर ओटीपीही त्याच्याकडेच जातो. फोन हरवला तर लागणारे बॅकअप कोड छापून सोसायटीच्या कपाटात.

आता कंपनीकडे वळा. नूतनीकरणाचे पैसे भरण्याआधी विचारा, तेव्हा उत्तरं लवकर येतात. प्रश्न ईमेलवरच पाठवा: डेटा कुठे राहतो, बॅकअप किती वेळाने घेता, त्यातून डेटा परत आणून शेवटचा कधी पाहिला, करार संपल्यावर आमचा डेटा किती दिवसांत पुसता. माहितीच्या सुरक्षेचं आयएसओ २७००१ प्रमाणपत्र पाठवलं तर ते कोणाच्या नावावर आहे ते वाचा. बऱ्याचदा ज्या क्लाउडवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर, ॲप चालतं त्या क्लाउडचं दाखवतात. तो इमारतीचा दाखला झाला, आतल्या घराचा नव्हे. एसओसी २ चा अहवाल, म्हणजे बाहेरच्या लेखापरीक्षकाने सुरक्षा तपासून दिलेला, असेल तर टाइप २ मागा. टाइप १ एका दिवसाची स्थिती सांगतो, टाइप २ काही महिन्यांचा कारभार तपासतो.

डेटा फुटल्यावर 'ते कंपनीचं काम' म्हणून हात झटकता येत नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात काम बाहेर दिलं तरी जबाबदारी ते देणाऱ्याचीच राहते, आणि सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. सायबर घटनांसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, सर्ट-इनच्या, एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे सिस्टिममधल्या हालचालींच्या नोंदी, १८० दिवस ठेवावे लागतात. कंपनी आपल्याला किती तासांत सांगेल, तेही करारात घाला. भाडेकरूंच्या आधार कार्डांच्या जुन्या प्रती मात्र आजच काढून टाका. जे ठेवलंच नाही ते फुटणार कुठून?

शेवटी, दर महिन्याला डेटा उतरवून पासवर्ड लावलेल्या डिस्कवर ठेवा. डिस्क तळमजल्यावरच्या ऑफिसात नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यांवरची दप्तरं भिजली होती. आणि फाइल एकदा उघडून बघा. आमच्या पहिल्या फाइलमध्ये सगळ्या सभासदांची मराठी नावं अगम्य चिन्हं होऊन आली होती. एक्सेलमध्ये घेताना यूटीएफ-८ हे अक्षरांचं एन्कोडिंग निवडलं, तेव्हा कुठे कुलकर्णी, शिर्के, डिसूझा ओळखू आले.