सौर पॅनेलभोवतीची पिवळी पडलेली कण्हेर
कोल्हापूरजवळच्या आमच्या गावातील सामुदायिक सौर प्रकल्पाच्या आडोशाला लावलेली कण्हेर ऑगस्टमध्ये पिवळी पडू लागली, तेव्हा खत कमी पडले असे समजून आम्ही शेणखत घातले. ती चूक होती. नखाने साल खरवडल्यावर आत हिरवा थर दिसला, म्हणजे फांद्या जिवंत होत्या, परंतु वीतभर माती उकरली तेव्हा मुळे पांढरी नव्हे, तपकिरी आणि कुबट वासाची निघाली. पॅनेलवरून ओघळणारे पावसाचे पाणी काळ्या मातीत नेमके त्याच ओळीत साचत होते. ओळीलगत फूटभर खोल चर काढून आम्ही ते ओढ्याकडे वळवले आणि वाळलेले शेंडे छाटले (कण्हेरीचा चीक विषारी असल्याने हातमोजे हवेतच). दसऱ्यापर्यंत नवी पालवी फुटली. दक्षिणेकडील ओळ मात्र पॅनेलवर सावली पडेल इतकी वाढू नये, याकडे मी दरमहा स्वतः लक्ष देतो.