हिवाळ्यात चढाईचे आकडे आणि गिअर: माझा अनुभव

डिसेंबरात पहाटे सिंहगडावर जाऊन आलं की सायकल कॉम्प्युटर सोसायटीच्या त्याच फाटकापाशी उंची निघतानापेक्षा वीसेक मीटर कमी दाखवायचा. यंत्र ठणठणीत होतं. ते हवेच्या दाबावरून उंची काढतं, आणि आपल्याकडे पहाटे चारपासून दहापर्यंत दाब रोज थोडा चढतो. दाब १ हेक्टोपास्कल (दाबाचं एकक) वाढला की उंची ८-९ मीटरने खाली येते. त्यात घरातल्या उबेतून थेट गारठ्यात नेलं की सुरुवातीला आकडा स्थिर राहत नाही.

आता चाकात हवा भरेपर्यंत यंत्र गॅलरीत ठेवतो. पायथ्याशी आणि माथ्यावर लॅपचं बटण दाबतो, म्हणजे राइडचा तेवढाच तुकडा वेगळा मोजला जातो. घाटापुरता वेळ थोडा, म्हणून चूकही थोडी. तुलना लॅपचीच करावी, अख्ख्या राइडच्या बेरजेची नको.

या लॅपच्या आकड्यांचा खरा फायदा गिअर निवडताना झाला. पुढे ३४, मागे २८ दात लावून उभ्या वळणांवर केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ५५ वर यायचा, म्हणजे वेग ताशी ८.४ किलोमीटर. थंडीत आखडलेल्या गुडघ्यांना हे फार जड. मागे ३४ दात असले तर त्याच वेगाला केडन्स ६७ मिळतो! म्हणून ११-३४ कॅसेट (मागच्या चाकावरच्या ११ ते ३४ दातांच्या चकत्यांचा संच) बसवली. आधी डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) तेवढे दात पेलतो का ते मेकॅनिककडून बघून घ्या, चेनही लांब लागते. खडकवासल्याच्या सपाटीवर दोन गिअरमधली उडी जाणवते, ती मला चालते.